दहा बैठका

मंगळवार पेठ, कोल्हापूर
११ जानेवारी २०२६

शालू,

आधी रागावून घे, मग पुढचं वाच. दिवाळीचं तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि उत्तर आज लिहितोय. भाऊबीजेला आलो नाही, वर पत्रही नाही. कारण सांगायची लाज वाटत होती, म्हणून उशीर झाला. फोन केला असता, पण फोन कानाला लावला की तुझं ते कानातलं यंत्र शिट्टी मारतं. मग मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की सगळी गल्ली ऐकते. बायडाही ऐकते. तिला हे ऐकवायचं नाही.

तिची डावी बाजू जाऊन आता दीड वर्ष झालं. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं मीच करतो. पण माझी कंबर आता ऐकत नाही. सकाळी तिला पलंगावरून खुर्चीत घेताना पकड ढिली पडते आणि रोज वाटतं, आज सुटली तर? दोघंही खाली पडलो तर दाराची कडी कोण काढणार? तेव्हापासून मी कडीच लावत नाही. मग चोराची काळजी वाटते.

विजयसिंह पुण्याहून म्हणतो, "बाबा, पाडव्याला येतो आणि आईला घेऊन जातो. आमच्याकडे एकच खोली मोकळी होईल. तुम्ही सांगलीला अनुजाकडे राहा." पोरगा वाईट नाही. पण लग्नाला बावन्न वर्षं झाल्यावर तिला पुण्यात आणि मला सांगलीत लेकीकडे ठेवायचं, म्हणजे आम्ही काय भांडी आहोत वाटून घ्यायला?

अशात आधारवेल योजना आली. ज्या म्हाताऱ्यांना आपलं आपण जमत नाही, त्यांच्या घरी सरकारतर्फे मदतनीस बाई येणार. रविवार सोडून रोज दोन तास. ती आली तर विजूला नाही म्हणता येईल, एवढाच माझा हिशेब. त्यासाठी वीस गुण पाहिजेत. जे जे जमत नाही त्याला गुण. जन्मात पहिल्यांदा अशी परीक्षा आली, की ज्याला काही येत नाही तो पहिला येणार. सातवीत दोनदा बसलेल्या माणसाला ही तरी सोपी जायला हवी होती.

पाहणीला मोना नावाची मुलगी आली, हातात टॅब घेऊन. आता घरात पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस काय करतो? मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, पलंगावर नवी चादर घातली. तिला पाणी दिलं, चहा स्वतः करून दिला. तोवर समोरचा हंबीरराव येऊन बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण गल्लीत परकं माणूस आलं आणि हंबीरराव आला नाही असं कधी झालंय?

म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही असं त्या मुलीला शिकवलेलं असावं. ती मोठ्यानं विचारायला लागली, "आजोबा, लघवीवर ताबा आहे का?" हंबीरराव कान टवकारून बसलेला. शालू, त्याला मी तालमीत सतरा वेळा पाडलाय. त्याच्यासमोर काय सांगणार? म्हटलं, "एकदम फस्क्लास!" जिना? "चढतो की." आंघोळ? "गार पाण्यानं." हंबीरराव म्हणाला, "पोरी, ह्यो पाचशे बैठका मारणारा गडी हाय. आता न्हाय जमायचं म्हणा, वय झालं."

हे "वय झालं" त्यानं म्हणायला नको होतं. मी उठलो आणि दहा बैठका मारल्या. मोनानं त्याचा व्हिडिओ घेतला.

मग तिनं बायडाला विचारलं, "आजी, तुमचं कोण करतं?" बायडा म्हणाली, "आमचं हेच करत्यात की. लेक करणार न्हाय असं करत्यात. एक दिवस चुकत न्हाई." मला बरं वाटलं. किती महागात पडणार ते तेव्हा कळलं नाही.

निकाल आला. मला एक गुण, तोही चष्म्याचा. बायडाला बावीस, पण 'घरात सक्षम काळजीवाहक उपलब्ध' म्हणून त्यातले दहा वजा. मदतनीस नामंजूर.

बैठकांनंतरचे तीन दिवस कसे काढले ते विचारू नको. आता काय करू ते सांग.

तुझा दादा


गारगोटी
१९ जानेवारी २०२६

दादा,

रागावून घे म्हणालास, घेतलं. दोन दिवस घेतलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सरकारी बाईपुढं बैठका! तिथं तुला कोण गदा देणार होतं का? आयुष्यभर कारखान्यात लेथवर सूतभर चूक होऊ दिली नाहीस आणि एका हंबीररावासाठी सगळं घालवलंस.

आता ऐक. फेरतपासणीचा अर्ज दे. तो मिळतो, आमच्या इथल्या दीप्तीनं मिळवलाय तिच्या आजीसाठी. मोना परत आली की पलंगावरून हलायचं नाही. दाढी वाढू दे. सदरा मळका घाल. पाणी, चहा काही नाही. तिनं मागितला तरी नाही. हंबीररावाला त्या दिवशी जोतिबाला पाठव, नाहीतर कुठंही पाठव. आणि वहिनीला आधीच सांगून ठेव, की नवऱ्याचं कौतुक बावन्न वर्षांत केलं नाहीस ते त्या दिवशीही करू नको.

लाजायचं काय त्यात? म्हातारपण काय चोरून आणलंय का आपण? माझ्याकडंही ती माणसं पुढच्या आठवड्यात येणार आहेत. मी एकटी, बहात्तर वर्षांची, कानानं बहिरी, गुडघे गेलेले. बघ मी कशी कण्हते ते. पंचवीस गुण घेऊन दाखवते.

पाडव्याला अजून दोन महिने आहेत. विजूला काही बोलू नको.

शालू


मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ फेब्रुवारी २०२६

शालू,

तू सांगितलंस तसं केलं, पण गोंधळ वाढला.

फेरतपासणीचा अर्ज देण्याचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली. खालच्या शिपायाला म्हटलं, बाबा, जिना चढता येत नाही असंच अर्जात लिहिलंय, तो इथंच घे. तो म्हणाला, "आजोबा, अर्ज वरतीच घेत्यात. माझ्याकडं शिक्का न्हाई." मग चढलो. प्रत्येक वळणावर बसलो. एका वळणावर एक म्हातारी आधीच बसली होती. ती म्हणाली, "पावणं, मी सकाळी धा वाजता निघालिया." तिचा अर्ज मीच हातात घेतला. वरच्या साहेबांनी दोन्ही घेतले, आणि माझ्या अर्जावर शेरा लिहिला: अर्जदार स्वतः तिसऱ्या मजल्यावर उपस्थित, सोबत अन्य वृद्धेस साहाय्य.

त्यांनी मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "बैठका मारणारे आजोबा तुम्हीच का?" तो व्हिडिओ सगळ्या कार्यालयात फिरलाय. सगळे उठून उभे राहिले. एकानं माझ्याबरोबर फोटो काढला. मला, खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. खाली उतरताना ते बरं वाटणं दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकलं.

आठ दिवसांनी घरी पाकीट आलं. मदतनीस असेल म्हणून घाईनं उघडलं, तर आत एक टोपी, छातीला लावायचा बिल्ला आणि एक शिट्टी. माझी 'ज्येष्ठ सखा' म्हणून निवड झालीय. म्हणजे सक्षम म्हाताऱ्यानं एका असहाय म्हाताऱ्याची जबाबदारी घ्यायची. दर पंधरवड्याला एक तक्ता भरायचा: व्यक्ती सुखरूप आहे का, हो किंवा नाही. शिट्टी कशासाठी ते कुठंच लिहिलेलं नाही. फोन करून विचारलं तर म्हणाले, संचात येते.

कोणाची जबाबदारी घेता, नाव कळवा, नाहीतर आम्ही नेमून देऊ, असं होतं. नेमून दिलं तर हंबीरराव येईल या भीतीनं मी तुझं नाव दिलं. राग मानू नको. दीड तासाच्या अंतरावर आहेस, पत्राला पाच दिवस लागतात, पण फॉर्मात अंतराचा रकाना नव्हता.

फेरतपासणी या महिनाअखेर आहे. तुझी झाली का? किती गुण पडले?

दादा


गारगोटी
१४ फेब्रुवारी २०२६

दादा,

माझे गुण सांगायची लाज वाटली म्हणून तीन दिवस पत्र लिहिलं नाही. पण आता लिहावंच लागतंय, कारण माझ्याकडंही टोपी आलीय.

सांगते. मी ठरल्याप्रमाणं अंथरुणात कण्हत पडले होते. भर दुपारी आली बिचारी. लहान पोरगी, संयोगिता नाव. उन्हातनं फिरून ओठ सुकलेले. मी विचारलं, "जेवलीस का गं?" म्हणाली, "न्हाई आजी, अजून सात घरं हायत." आता तूच सांग, घरात आलेली पोर उपाशी असताना कण्हत पडायचं कसं? मी उठले. दोन भाकरी थापल्या, झुणका केला. ती जेवली. जाताना हातावर काही ठेवावं म्हणून स्टुलावर चढून फळीवरचा लाडवाचा डबा काढला. ती एका हातानं लाडू खात होती आणि दुसऱ्या हातानं टॅबवर खुणा करत होती. म्हणाली, "आजी, तुम्ही किती भारी आहात." मला शून्य गुण पडले. तुला चष्म्याचा एक तरी मिळाला. माझं कानाचं यंत्र मी तेव्हा काढून ठेवलं होतं, ते तिला दिसलंच नाही.

म्हणजे तुला शहाणपण शिकवून मी स्वतः तेच केलं. हस पोट भरून.

आणि मीही सक्षम म्हणून सखी झाले. त्यांनी नाव मागितलं, मी तुझं दिलं. तेव्हा आजपासून सरकारदरबारी तू मला सांभाळतोस आणि मी तुला. दोघांचीही सोय झाली म्हणून दोघांचीही नावं काळजीच्या यादीतून गेली असणार.

शिट्टी मी कुत्री हाकलायला वापरते. चांगली आहे.

फेरतपासणीला माझ्यासारखं करू नकोस. पाडवा जवळ आलाय.

शालू


गारगोटी
३ मार्च २०२६

दादा,

हे नुसतं कार्ड. तुझं पत्र नाही. फेरतपासणी होऊन गेली असेल. वीस तारखेला पंधरवड्याचा तक्ता भरायचाय. 'व्यक्ती सुखरूप आहे का?' काय लिहू? तो रकाना मोकळा सोडता येत नाही म्हणे. पण मला खोटंही लिहायचं नाही. दोन ओळी टाक.

शालू


मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ मार्च २०२६

शालू,

सुखरूप लिही. बाकीचं त्यात मावणार नाही.

फेरतपासणीच्या दिवशी मी तू सांगितलंस ते सगळं केलं. चार दिवसांची दाढी. फाटका बनियन. हंबीररावाला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पाठवलं. म्हटलं, समोर पिळलेलं म्हशीचं दूध आण, डॉक्टरांनी सांगितलंय. तिथं तो ओळखीच्यांशी बोलत दोन तास तरी बसतो. आणि मी दुसऱ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलो.

मोना आली. मी कण्हलो. चांगला कण्हलो शालू, कारण खरंच दुखत होतं, त्यामुळे ढोंग करायची गरजच पडली नाही. मोना विचारत होती आणि मी खरं सांगत होतो. उठता येत नाही. आंघोळीला भिंत धरतो. लघवीचंही सांगितलं. दीड वर्षात मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगता सांगता रडू आलं. सतरा गुण झाले होते.

पण बायडाला मी आधी काही सांगितलं नव्हतं. तिला खोटं जमत नाही म्हणून नाही सांगितलं. तिनं बावन्न वर्षांत मला कधी कण्हताना ऐकलं नव्हतं. ती घाबरली. "अहो, काय झालं? अहो!" दीड वर्ष जी स्वतः कुशीवर वळली नाही, तिनं उजव्या हातानं पलंगाची कड धरली, पाय खाली सोडला आणि उभी राहिली. खरंच उभी राहिली. तांब्या उचलला आणि एक पाऊल माझ्याकडं टाकलं.

टॅबमध्ये त्याच वेळी प्रश्न आलेला: घरातील अन्य व्यक्ती काळजी घेण्यास पुढे येते का? मोनाचं बोट 'हो'वर पडलं.

दुसरं पाऊल बायडाला टाकता आलं नाही. मी उठलो, तिला धरलं, आणि ज्याची मला दीड वर्ष भीती होती ते झालं. दोघंही खाली. अंगावर तांब्यातलं पाणी. मोना एकटी आम्हाला उचलायला बघतेय आणि आमच्या दोघांच्यात तिला धरायला धड जागा सापडत नाही. तेवढ्यात दारात हंबीरराव, हातात दुधाची किटली. कडी नव्हती म्हणून आत येता आलं.

मोडलं कुणाचंच काही नाही. बायडाचं कोपर खरचटलंय. उचलल्यावर ती मला म्हणाली, "मी उभी राहिले व्हय ओ?" तेवढंच तिला आठवतंय.

मोना जाताना म्हणाली, "आजोबा, मी स्वतः बघितलं सगळं. पण शेऱ्याच्या रकान्यात वीसच अक्षरं बसतात. आणि एकदा खूण झाली की मला मागं जाता येत नाही." पोरीचे डोळे भरले होते. मी तिला चहा विचारला. तुझं ऐकलं नाही.

निकाल यायचाय. पाडव्याला विजू यायचाय.

दादा


गारगोटी
१३ मार्च २०२६

दादा,

तुझं पत्र दीप्तीनं वाचून दाखवलं, कारण मला डोळ्यांतल्या पाण्यानं दिसेना. वहिनी उभी राहिली! त्या तक्त्यात हे लिहायला जागा नाही, तर तो तक्ता घेऊन काय करायचं?

विजूला खरं सांगून टाक. पुण्याला दोघांना एकत्र ने म्हणावं. नाही ऐकलं तर मी येऊन बोलले असते. पण मला येता येत नाही. आता लपवत नाही. त्या दिवशी स्टुलावर चढले ते लिहिलं, नंतर परत चढले ते लिहिलं नाही. डबा खालीच राहिला होता. टोपी आली त्या दिवशी तो परत फळीवर ठेवायला चढले आणि पडले. उजवा पाय घोट्यात मोडला. महिना झाला, प्लॅस्टर आहे. दीप्ती दोन वेळचं आणून देते. तुझ्याच मागं इतकं असताना हे कशाला सांगू, असं वाटलं.

शिट्टी उशाला आहे. पडल्यावर तीच वाजवली. दीप्ती आली. तेव्हा ती कशासाठी असते ते कळलं.

पाडव्याचं काय झालं ते लगेच कळव.

शालू


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२४ मार्च २०२६

शालू,

तुझा पाय मोडलेला आणि मी इथं दोन पंधरवडे 'व्यक्ती सुखरूप आहे का' याच्यापुढे 'हो' लिहून पाठवलं. कसला सखा आहे मी? एकदाही वाटलं नाही, की विचारावं.

पाडव्याचं सांगतो. विजू आला, आईची बॅग आणली होती. जेवण झालं आणि त्यानं विषय काढला. मी काही बोलण्याआधी टपालात आदल्या दिवशी आलेला निकाल त्याच्या हाती लागला. सरकारी कागद असला की तो चष्मा बदलून वाचतो. त्यात लिहिलं होतं: घरातील सक्षम काळजीवाहक, दोन. काळजीची गरज असलेल्या व्यक्ती, निरंक.

त्यानं तो दोनदा वाचला. "आई सक्षम? आई उठते?" बायडा म्हणाली, "उठले की. विचार ह्यास्नी." हे काही खोटं नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला जमतंय?"

तू म्हणालीस तसं खरं सांगायचं मी ठरवलं होतं. तोंड उघडलंही. तर हंबीरराव, जेवायला बसलेला, श्रीखंडाची वाटी पुसत म्हणाला, "जमतंय म्हंजे? मी रोज सकाळी बघतोय की. काय काळजी करू नगंस." मी म्हटलं, "दहा बैठका मारून दाखवू?" आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली. विजू "नको" म्हणेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

त्यानं सुटकेचा श्वास टाकला. तो मला ऐकू आला. सूनबाईनं खोली मोकळी केलीच नव्हती, हे त्यानं निघताना सांगितलं. बॅग रिकामीच परत नेली. निकालाचा कागद मात्र घडी घालून खिशात ठेवून गेला.

ज्या कागदानं मदतनीस नाकारली, त्याच्यामुळेच बायडा घरात राहिली. आता याला चांगलं म्हणू की वाईट, मला कळत नाही. कंबर तीच आहे. बायडा परत उभी राहिलेली नाही. रोज सकाळी प्रयत्न करते.

पण पडलो त्या दिवसापासून हंबीरराव रोज सकाळी सातला कट्ट्यावरचं दूध घेऊन येतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही. म्हणतो, "तुझ्याकडचा चहा बरा असतोय." मग एका बाजूनं तो धरतो, एका बाजूनं मी. त्याचा एक गुडघा गेलाय, माझी कंबर. दोघांचा मिळून एक माणूस होतो. चहा मीच करतो. तो एकदाही म्हणाला नाही की मदतीला येतो, आणि मीही एकदाही म्हणालो नाही की ये.

शिट्टी काढून बायडाच्या उशाशी बांधलीय. तिनं काल उगाच वाजवून बघितली. हंबीरराव एका पायात चप्पल घालून धावत आला आणि अर्धा तास शिव्या देत बसला.

आता तुझं. पुढचा तक्ता पाच तारखेला आहे. तुझं पत्र आल्याशिवाय मी 'हो' लिहिणार नाही, मग ते टोपी परत मागोत. प्लॅस्टर कधी निघणार, मोरीपर्यंत कशी जातेस, दीप्ती गावाला गेली तर कोण येतं, पाय टेकला की किती दुखतं, सगळं लिही. समोर हंबीरराव बसलाय असं समजून लिहू नको. लवकर लिही, शालू. पाच तारीख जवळ आलीय.

दादा